बेस गिटार: दणका पुरे, आता सूर ऐकू येऊ दे

मराठी ऑर्केस्ट्राच्या स्टेजवर ‘बेस’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. वादक बेस म्हणतो ते चार तारांच्या गिटारीला, आणि साउंडवाले बेस म्हणतात ते टॉपच्या (वरच्या मुख्य स्पीकरच्या) खाली जमिनीवर मांडलेल्या अठरा इंची खोक्यांना, म्हणजे सबवूफर किंवा ‘सब’ना. साउंड चेकला कोणी “बेस वाढवा” म्हटलं की बहुतेक वेळा खोके वाढतात. पोटात धक्का बसतो, खुर्च्या थरथरतात, पण अंतऱ्यात वादकाने कोणता सूर धरला हे दहाव्या रांगेत कळत नाही. टोन जमला की नाही याची माझ्या लेखी कसोटी एकच: शेवटच्या रांगेतल्या माणसाला बेसची ओळ गुणगुणता आली पाहिजे.

आधी आकडे बघू. चार तारांच्या बेसवर सगळ्यात खालची मोकळी ई तार ४१ हर्ट्झला वाजते. ए ५५, डी ७३, जी ९८. पाच तारांची असेल तर खालची बी ३१ च्या आसपास. पण ई छेडली की नुसते ४१ निघत नाहीत. ८२, १२४, १६५, २०६ असे तिचे पटही (दुप्पट, तिप्पट कंपनांचे वरचे सूर) सोबत निघतात, आणि पिकअपमधून (तारेचं कंपन विजेत बदलणाऱ्या चुंबकी पट्टीतून) येणाऱ्या सिग्नलमध्ये पुष्कळदा ८२ चा जोर ४१ पेक्षा जास्त असतो. हे पट नीट पोचले की कान मूळ सूर ओळखतो, स्पीकरमधून ४१ येत नसले तरीही. म्हणजे सूर कळतो तो साधारण ८० ते ८०० हर्ट्झच्या पट्ट्यात. त्याखाली मिळतं ते वजन. वजन हवंच, पण सुराचं काम ते करू शकत नाही. पुढचं सगळं याच एका गोष्टीभोवती फिरतं.

सुरुवात गिटारीपासून. ४५ ते १०५ गेजचा संच बहुतेकांना पुरतो. राउंडवाउंड (गोल तारेचं वेटोळं असलेल्या) तारांच्या खाचांत घाम आणि मळ बसला की आधी वरचे पट मरतात. मुंबईत आणि कोकणपट्टीत पावसाळ्यात तर फारच लवकर. मग मिक्सरवर ट्रेबल वाढवला जातो आणि सुराऐवजी खरखर वाढते. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून पुसाच, पण फडकं तारेखालूनही फिरवा, कारण मळ तिथेच साठतो. पिकअपची उंचीही तपासा. शेवटचा फ्रेट दाबून तार आणि पिकअप यांच्यात ई बाजूला साधारण ३ मिलिमीटर आणि जी बाजूला २ मिलिमीटर अंतर ठेवून बघा. पिकअप फार जवळ आला तर चुंबक तारेला ओढतो, सूर डगमगतो आणि एखादीच तार अंगावर येते. दोन पिकअपच्या जॅझ बेसवर दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडले की हम (विजेची घूंघूं) जातो, पण मधला भागही थोडा जातो. ब्रिजकडचा व्हॉल्यूम किंचित मागे घेतला की मधला भाग परत येतो, किंचित हमसकट. स्टेजवर मी हा सौदा आनंदाने मान्य करेन.

जुनी चित्रपटगीतं किंवा भावगीतं वाजवायची असतील तर फोमचा तुकडा बॅगेत ठेवाच. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमर्सन, त्याचा १९६२ चा फेंडर प्रिसिजन बेस, त्यावर फ्लॅटवाउंड (गुळगुळीत) तारा, ब्रिजच्या झाकणाखाली फोम आणि स्टुडिओत अँपशिवाय थेट जोडणी, एवढ्यावर त्या रेकॉर्डचा बेस उभा आहे. ब्रिजच्या लगत चारही तारांखाली सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर रुंदीची मऊ फोमची पट्टी सरकवा. तार दाबून वर उचलली जाणार नाही, नुसती टेकेल, इतकीच जाड. सूर लवकर विझतो, आणि दोन सुरांमधल्या त्या मोकळ्या जागेत ढोलक, तबला ऐकू येऊ लागतो. घुमणाऱ्या हॉलमध्ये कुठल्याही इक्वलायझरपेक्षा ही पट्टी जास्त काम करते.

ॲक्टिव्ह बेस (आत बॅटरीवर चालणारं सर्किट असलेला) असेल तर ९ व्होल्टची बॅटरी. जॅक आत असेपर्यंत ती जळत राहते, त्यामुळे मध्यंतरात जॅक काढून ठेवायचा. बॅटरी उतरू लागली की आधी जोरात वाजवलेले सूर फाटतात आणि आवाज दबतो, आणि सगळे डीआय बॉक्सवर (गिटारीचा सिग्नल मिक्सरला साजेसा करणाऱ्या डबीवर) संशय घेतात. अल्कलाइन बॅटरी वापरा, एक नवी खिशात असू द्या.

आता सगळ्यात जास्त टोन जिथे वाया जातो ती जागा. पॅसिव्ह, म्हणजे बॅटरी नसलेल्या बेसची पी-३८ पिन (गिटारीचा जाड जॅक) सरळ मिक्सरच्या लाइन इनपुटला खोचली जाते. त्या इनपुटचा इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विरोध) साधारण १० किलोओहम असतो, आणि पॅसिव्ह पिकअपला समोर काही लाख ओहम तरी हवे असतात. नाहीतर वरचा भाग तिथेच गिळला जातो आणि आवाज गोधडीखालून आल्यासारखा येतो. नंतर कितीही ट्रेबल दिला तरी गेलेलं परत येत नाही. म्हणून मध्ये डीआय बॉक्स. कंट्रीमन टाइप ८५ चा इनपुट १० मेगाओहम आहे, बीएसएसच्या एआर-१३३ चा १ मेगाओहम, रेडियल जे-४८ चा २२० किलोओहम, आणि त्याच कंपनीच्या ट्रान्सफॉर्मरवाल्या जेडीआयचा १४० किलोओहम. सोपा नियम असा: पॅसिव्ह गिटारीला ॲक्टिव्ह डीआय, ॲक्टिव्ह गिटारीला ट्रान्सफॉर्मरवाला पॅसिव्ह डीआय. स्वस्त पॅसिव्ह बॉक्समधला ट्रान्सफॉर्मर छोटा असतो, खालचे जोरदार सूर त्याला पेलत नाहीत आणि ई तार घरघरते. तिथे काटकसर नको.

जोडणीचा क्रम: गिटार, ट्यूनर, मग पेडल असतील ती, मग डीआयचा इनपुट. डीआयच्या लिंकमधून स्टेजवरच्या अँपला, आणि कॅनन केबल (माइकची तीन पिनांची केबल) स्टेज बॉक्सला. गिटार ते डीआय केबल ६ मीटरपेक्षा लांब नको, कारण पॅसिव्ह पिकअपला केबलची कपॅसिटन्स खाते. डीआयपासून मिक्सरपर्यंत मात्र ५० मीटर गेली तरी चालतं. डीआयवरचा पॅड (सिग्नल कमी करणारं बटण) चुकून दाबलेला नाही ना ते पाहा. २० डीबी तिथे गेले की मिक्सरवर गेन चढवावा लागतो आणि सोबत सूं सूं चढते. अँपचाच डीआय वापरायचा असेल तर बटण ‘प्री’ वर ठेवा, म्हणजे स्टेजवर वादकाने नॉब फिरवला तरी बाहेरचा आवाज हलत नाही. अँपचं स्पीकर आउट मिक्सरला कधीही लावू नका, इनपुट जळेल. आणि फँटम (मिक्सरवरून केबलमधून डीआयला जाणारी वीज) देताना, जॅक काढताना-घालताना चॅनेल म्यूट. तो एक ‘ठो’ सबच्या कोनला महागात पडू शकतो.

हम आला की घाईने चार गोष्टी एकदम बदलू नका. आधी गिटारीचा व्हॉल्यूम शून्य करा. हम गेला, तर तो पिकअप पकडतोय: डिमर, एलईडी पडदा किंवा जवळचा ॲडॅप्टर. चार पावलं सरका, अंग फिरवा, कमी होईल. हम गेला नाही, तर डीआयच्या लिंकमधून अँपची केबल काढा. आता गेला, म्हणजे अँप आणि मिक्सर दोन वेगळ्या जागांहून वीज घेतायत आणि अर्थचा फेरा तयार झालाय. डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट (अर्थची जोडणी तोडणारं बटण) दाबा. शक्य असेल तर अँपची वीज मिक्सर किंवा स्टेजच्याच बोर्डावरून घ्या, तो खरा उपाय. अँपच्या प्लगची तिसरी पिन मोडणं किंवा तिच्यावर टेप गुंडाळणं हा उपाय नव्हे, तो जिवाशी खेळ आहे. मंडपात जनरेटरवर कार्यक्रम असेल तर मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून एक टोक गिटारीच्या तारेला, दुसरं गाण्याच्या माइकच्या जाळीला लावून बघा. काही व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर अर्थिंग दुरुस्त होईपर्यंत कोणीही गिटार हातात घेऊन माइकजवळ ओठ नेऊ नयेत. वेळ झाली, पाहुणे आले, तरीही नाही.

मिक्सरवर पहिलं काम गेन, म्हणजे येणारा सिग्नल किती उचलायचा ते. वादकाला कार्यक्रमात वाजवेल तितक्याच जोरात वाजवायला सांगा, स्लॅप (अंगठ्याने तारेवर ठोकून वाजवणं) असेल तर स्लॅपही. डिजिटल मिक्सरवर सरासरी उणे १८ डीबीच्या आसपास आणि सर्वांत वरचे ठोके उणे १० च्या खाली राहिले की पुरे. मग लो कट, म्हणजे ठरावीक आकड्याखालचा आवाज कापणं. बेसला लो कट म्हटलं की वादक दचकतात, पण त्यानेच बेस मोकळा होतो. स्पीकरचं साधं गणित आहे: सूर एक सप्तक खाली गेला की तेवढ्याच आवाजासाठी कोनला साधारण चौपट अंतर हलावं लागतं. ३० हर्ट्झखालची बोटांची धपधप आणि तारेवर हात ठेवल्याचे धक्के सबची सगळी ताकद खातात आणि ऐकू काहीच येत नाही. चांगले सब असतील तर लो कट ३५-४० वर. नुसते काठीवरचे १५ इंची टॉप असतील तर बेधडक ६०-७० पर्यंत न्या. तिथे ४१ तसेही येणार नव्हते. ते काढल्यावर ८२ आणि १२४ स्वच्छ येतील, आणि टॉपमधला गायकाचा आवाजही बेसच्या प्रत्येक ठोक्याला हलणार नाही.

इक्वलायझरमध्ये मी सगळ्यात आधी २०० ते ३०० च्या दरम्यान ३-४ डीबी कमी करून बघेन. तिथे चिखल असतो, आणि कीबोर्डचे पॅड, ढोलक, पुरुष गायक सगळे तिथेच गर्दी करतात. सूर पुढे आणायचा असेल तर ७०० ते ९०० मध्ये २-३ डीबी वाढवा. एकटी गिटार ऐकताना ते थोडं नाकातून बोलल्यासारखं वाटेल. सगळा वाद्यमेळ सुरू झाल्यावर तेच सुराची कड होतं. म्हणून बेसचा इक्वलायझर सोलो (एकच चॅनेल ऐकवणारं बटण) दाबून लावू नका. बोटांचा टकटकाट २ ते ३ किलोहर्ट्झला असतो. हाय कट ५ किलोहर्ट्झवर ठेवा, कारण बेसच्या खोक्याचा स्पीकर त्यापुढे फारसं काही देत नसतो, आणि डीआयचा सिग्नल पीएच्या (प्रेक्षकांसाठीच्या स्पीकरच्या) हॉर्नमधून आला की फ्रेटचा किरकिराट उघडा पडतो.

कॉम्प्रेसर (जोरदार सूर आपोआप दाबणारं यंत्र) ४:१, जोरदार सुराला ४ ते ६ डीबी दाब. अटॅक (दाबायला लागणारा वेळ) २५ ते ४० मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) १०० ते १५० च्या पुढे. अटॅक याहून लहान का नको? ४१ हर्ट्झची एक लाट पूर्ण व्हायला २४ मिलिसेकंद लागतात. कॉम्प्रेसर त्याहून चपळ झाला की तो आवाजाची पातळी सोडून लाटेचा आकारच दाबू लागतो आणि खालचे सूर कुरकुरतात. पेडलवर कॉम्प्रेसर आधीच असेल तर मिक्सरवरचा हलका ठेवा. दोन्ही जोरात चालले तर प्रत्येक सूर सारखाच सपाट येतो. हलकं ओव्हरड्राइव्ह, २०-३० टक्के मिसळलेलं, छोट्या सिस्टिमवर फार उपयोगी, कारण ते वरचे पट तयार करतं. कार्यक्रमाचे व्हिडिओ फोनवर पाहणाऱ्यांनाही मग बेसची ओळ सापडते, फोनच्या स्पीकरवर २०० च्या खाली फारसं काही येत नसलं तरी.

आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात बेसच्या वाटेला आणखी चार जण असतात. ऑक्टापॅडवरचा (इलेक्ट्रॉनिक ड्रमवरचा) किक, म्हणजे मोठ्या ड्रमचा ठोका, ढोलक किंवा ढोलकीची धुमाची बाजू, तबल्याचा डग्गा, आणि कीबोर्डवाल्याचा डावा हात. त्यातला शेवटचा सर्वांत घातक. कीबोर्डच्या स्टाइलमध्ये (आपोआप वाजणाऱ्या साथीत) स्वतःचा बेस ट्रॅक असतो. तो बंद केला नाही तर दोन बेस एकाच सुरावर किंचित पुढेमागे वाजतात आणि दोन्ही पोकळ होतात. कीबोर्डवाल्या दादांना आधीच सांगायचं, “स्टाइलचा बेस म्यूट करा, आणि डावा हात मधल्या सप्तकाच्या वर राहू द्या.” त्यांच्या चॅनेलवर १०० चा लो कट लावला तरी बरंच निभावतं. किकशी मात्र वाटणी करावी लागते: किकला ५५-६५ ची जागा दिली तर बेसला ९०-१२० ची, आणि एकाला जिथे वाढवलं तिथे दुसऱ्याला २-३ डीबी कमी. लावणीत उलट विचार करा. ढोलकी हीच गाण्याची मालकीण. धुमाची घुमक आणि डग्ग्याची मींड दोन्ही खालच्या भागात सरकत राहतात, तेव्हा बेसने आखूड सूर वाजवावेत आणि १०० च्या आसपास थोडी माघार घ्यावी.

सबची मांडणी हा साउंडवाल्यांचा प्रांत, पण वादकाने समजून घ्यावा असा. मैदानावर स्टेजच्या दोन्ही बाजूंना, १२ मीटर अंतराने सब ठेवलेत असं धरा. ६० हर्ट्झची लाट सुमारे पावणेसहा मीटर लांब असते. मध्यरेषेवर दोन्हीकडचा आवाज एकाच वेळी पोचतो, तिथे बेस दणदणीत. पण स्टेजपासून २० मीटरवर, मध्यरेषेपासून साधारण ५ मीटर बाजूला उभं राहिलं की एका सबचा आवाज दुसऱ्यापेक्षा जवळपास तीन मीटर जास्त चालून येतो, म्हणजे अर्धी लाट मागे, आणि दोघं एकमेकांना खोडून टाकतात. तिथे ६० च्या आसपासचे सूर, म्हणजे ए तारेवरचे बी आणि सी, गायब होतात. चालत जाऊन स्वतः ऐका, काही पावलांत बेस जातो आणि पुढच्या काही पावलांत परत येतो. सगळे सब स्टेजपुढे मध्यभागी एका रांगेत लावता आले तर हा प्रश्न जवळजवळ मिटतो. मांडणी बदलता येत नसेल तर गिटारीचा सूर सबच्या भरवशावर ठेवू नका. टॉपमध्ये १०० ते २५० चा भाग भरपूर असू द्या, कारण प्रत्येक टॉप मुख्यतः आपल्या बाजूच्या लोकांकडे बोलतो.

सब मिक्सरच्या वेगळ्या ऑक्सवर (स्वतंत्र आउटपुटवर) असतील तर काम सोपं. ऑक्स पूर्ण बंद ठेवून आधी नुसत्या टॉपमधून गिटारीचा सूर स्पष्ट करा. मग ऑक्स हळूहळू उघडा आणि वजन आलं तिथे थांबा. सूर धूसर व्हायला लागला की थोडं मागे. क्रॉसओव्हर (सब संपून टॉप सुरू होतात ती सीमा) ८० ते १०० ला असतो. त्या भागातले सूर, डी तारेवरच्या मोकळ्या डीपासून जी तारेवरच्या एपर्यंत, एकेक वाजवा. तिथे खड्डा पडत असेल तर सबची पोलॅरिटी (सिग्नलची अधिक-उणे दिशा) उलटवून ऐका आणि जी जोरात वाटेल ती ठेवा.

साउंड चेकला बेससाठी पाच मिनिटं मिळाली तर गाणं वाजवू नका. मोकळ्या ईपासून एकेक फ्रेट चढत वरच्या ईपर्यंत, प्रत्येक सूर दोन सेकंद, सारख्या जोराने वाजवा. कोणीतरी हॉलच्या मध्यावर उभं राहून ऐकावं. एखादा सूर एकदम फुगेल, बहुधा एकच किंवा दोन. जी फुगला तर ४९ हर्ट्झ, ए ५५, बी ६२, सी ६५, डी ७३. त्याच आकड्यावर अरुंद बँडने ४-६ डीबी काढा. आख्खा लो कमी करण्यापेक्षा हे कितीतरी चांगलं, कारण उरलेले अकरा सूर जागेवर राहतात. नाट्यगृहांत मिक्सर पुष्कळदा मागच्या भिंतीला चिकटून किंवा बाल्कनीखाली असतो. भिंतीलगत खालचा भाग साठतो, साउंड इंजिनिअरला बेस जास्त वाटतो, तो कमी करतो, आणि मधल्या रांगा कोरड्या राहतात. म्हणून प्रत्येक निर्णय हॉलच्या मध्यावर जाऊन घ्यावा. फोनवरच्या मीटरवर तर बेस मोजूच नये. ते ‘ए’ वजनाने (कानाच्या कलाप्रमाणे खालचे सूर कमी धरून) मोजत असेल तर ५० हर्ट्झचा आवाज ३० डीबी कमी धरला जातो.

स्टेजवरचा अँप फक्त वादकासाठी आहे. लाकडी स्टेज पोकळ असतं, त्यावर थेट ठेवलेला अँप आख्खं स्टेज वाजवतो आणि ते तबल्याच्या माइकमध्ये शिरतं. अँप खुर्चीवर ठेवा किंवा मागे तिरका टेकवून कानाकडे वळवा, त्याचा बेस नॉब कमी आणि मिड जास्त. खालचा भाग समोरच्या सबमधून मागे येतोच. वादकाला हवा असतो तो सूर.

रिकाम्या हॉलमध्ये लावलेलं सगळं लोक भरल्यावर बदलतं. माणसं आणि कपडे वरचा भाग शोषतात, खालचा फारसा शोषत नाहीत. त्यामुळे पहिल्या गाण्यात बेस अचानक जाड आणि बोथट वाटतो. तेव्हा फेडर ओढण्याआधी सबचा ऑक्स २ डीबी कमी करा आणि ८०० ला १ डीबी वाढवा. दुसऱ्या गाण्याच्या मुखड्यापर्यंत थांबा, हॉलच्या मध्यावर एक फेरी मारून या, आणि मगच फेडरला हात लावा.